डोंगराचं बाळंतपण

आमच्या सासूनं डोंगराला पाणी पाजलं न्हाई असा एक उन्हाळा गेला न्हाई. पाजंना का, माझं काय जातंय? पण ते पाणी आमच्या घरातलं असायचं, आन् आमच्या घरात प्यायलाच पाणी नव्हतं.

मी अर्धापूरची. केळीच्या बागांत वाढलेली. आमच्याकडं पाटाला पाणी सुटलं की बाया टाचा घासत गप्पा मारत बसायच्या, पाणी वाहून चाललंय का ऱ्हायलंय कुणी बघायचं न्हाई. तसली पोर मावशीनं उचलली आन् लातूरच्या पल्याड, निलंग्याच्या अंगाला, खडकाळ वाडीत देऊन टाकली. पोरगा निर्व्यसनी हाय म्हणे. निर्व्यसनी माणसाच्या घरात तहान लागत न्हाई असं वाटलं असंल तिला.

तवा लातूर जिल्हा नवा नवाच झालेला. आधी कचेरीचं काम निघालं की उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता जिल्हा दारात आला म्हणून लोक खूश होते. पण पाऊस काय जिल्हा बघून पडत न्हाई. लागोपाठ कोरडे पावसाळे गेले, वाडीच्या आडात बादली सोडली की नुसती खडखड वाजायची, आन् पाडव्याच्या आधीच टँकर सुरू झाला. पाडव्याला मला सातवा लागला होता. पहिलटकरीण मी.

टँकर आला की वाडी येडी व्हायची. हंडे, घागरी, डालडाचे डबे, ज्याच्या हाताला जे लागंल ते. पायांत पाय, शिव्या, एकमेकींच्या झिंज्या. त्या रेटारेटीतून मी पोट सांभाळत घागरी भरून आणायची आन् दारात ठेवते न ठेवते तोच आमची सासू त्यातली एक उचलून बाजूला ठेवायची. ती वरची घागर. तिला कुणी हात लावायचा न्हाई. उन्हं उतरली की ती घागर डोक्यावर घेऊन सासू डोंगर चढायची.

सासूचं नाव धुरपताबाई. आख्खी वाडी तिला धुरपतामाय म्हणायची, कारण आख्खी वाडी तिच्याच हातावर पडलेली. सुईण होती ती. हातगुण असा की तिच्या हातून मूल दगावलंय असं कधी झालं न्हाई. लांबलांबच्या गावांतून तिला न्यायला बैलगाड्या यायच्या. दुसरं तिच्याजवळ होतं तरी काय? शेत म्हणजे मुरमाड तुकडा, सासरे कधीचेच गेलेले, अंगावर फुटका मणी न्हाई. पण ती रस्त्यानं चालली की बाया आदबीनं बाजूला सरायच्या. ते सगळं त्या हातांमुळं.

आन् डोंगराचं असं, की वाडीच्या मागंच तो उभा हाय. वर जुनी कोरीव लेणी हायत, कुणी कोरली कुणाला ठाऊक न्हाई. पाडव्यापासून मिरगापर्यंत डोंगर बाळंतीण असतो असं आमच्या वाडीत मानतात. त्या दिवसांत वर तरस वितं, खोकड वितं, टिटवी उघड्या खडकावर अंडी घालते. म्हणून तेवढे दिवस कुणी वर गुरं न्यायची न्हाईत, लाकूड तोडायचं न्हाई, जाळ करायचा न्हाई. लेण्याच्या अंगणात दगडाच्या डोणी कोरलेल्या हायत. पावसाळ्यात भरतात, होळीला आटतात. मंग वाडीनं घरटी पाळी लावून एकेक घागर वर न्यायची आन् डोणीत ओतायची. बाळंतीण म्हटली की सुईण आलीच, तसं डोंगराचं सुईणपण आमच्या घराकडं. सासूच्या सासूपासून चालत आलेलं.

दुष्काळ पडला तशा पाळ्या मोडल्या. कुणी तोंडावर नाही म्हणलं न्हाई, नुसत्या माना फिरवल्या. ऱ्हायली ती एकटी आमची सासू. कोपऱ्यावरचा किराणावाला विरूपाक्ष रोज टँकरपाशी चेष्टा करायचा, धुरपतामाय, डोंगराचं नाव रेशनकार्डात घाल की म्हणायचा. लोक हसायचे. सासूबी हसायची. मला मात्र मरणाची लाज वाटायची.

एक दिवस मी त्या घागरीला हात घातलाच. अंग धुऊन आठवडा झाला होता, पाठीला घामोळं फुटलेलं, भाकरीचं पीठ ओल्या हाताच्या पाण्यावर मळायचं. तोंडातून निघून गेलं, "माज्या पोटातलं तान्हेलंय आत्याबाई, आन् तुमी तरसाला पाजता."

सासूनं माझ्याकडं बघितलं. रागावली न्हाई. म्हणाली, "तुला पाजायला मी हाय. तिला कोन हाय?"

मी तणतणतच तिच्यामागं निघाले. बघूच म्हटलं, असं काय ठेवलंय वर.

डोंगराच्या पायथ्याला उंबर हाय. तिथं सासू थांबली. चपला काढल्या, घागरीतलं चुळभर पाणी पायांवर घेतलं, मलाबी घ्यायला लावलं. ज्या घरात बाळंतीण असती त्या घरात बाहेरची धूळ नेत न्हाईत, एवढंच म्हणाली. पुढं सगळं खाणाखुणांनीच. मधेच तिनं माझा दंड धरला आन् बोट दाखवलं. पायवाटेच्या कडंला बोडक्या खडकावर चार अंडी, खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची. माझा पाय पडायला वीतभर उरलेली. टिटवी जरा लांब उभी राहून आमच्याकडं टक लावून बघत होती. सासूला बघून ओरडलीसुदिक न्हाई.

वर अंगणात सासूनं डोणीत पाणी ओतलं, हळूहळू, आवाज न करता. मला घेऊन दगडाच्या आड बसली. आधी चिमण्या आल्या, मंग होले. मंग आतल्या अंधाऱ्या लेण्यातून ते आलं. तरस. मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. पुढनं उंच, मागनं बसकं, अंगावर पट्टे. आचळं लोंबत होती. पाणी प्यालं, लई वेळ प्यालं, आन् मागं बघितलं तर लेण्याच्या उंबऱ्यात दोन काळी तोंडं. मला भ्या वाटायला पायजे होतं. वाटलं न्हाई. हिलाबी रात्रीची झोप लागत नसंल असंच मनात आलं. दुसऱ्या दिवशी वरची घागर मीच भरून बाजूला ठेवली.

आता आमच्या मालकांचं सांगते. व्यंकटी त्यांचं नाव, तुम्हाला कळावं म्हणून घेतलं. वाडीत तवा दुष्काळी काम निघालेलं, हमरस्त्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत सडक करायचं. सगळी वाडी खडी फोडायला. मीबी जायची, पाट्या उचलणं झेपंना तसं बसून फोडायचं काम घेतलं. हातोडा निसटला की बोट ठेचायचं, दगडाचा बुका नाकातोंडात, डोक्यावर ऊन. ही सडक कशाला, तर नव्या जिल्ह्याला बघण्यासारखी जागा पायजे होती. नवे साहेबलोक लातूरला आलेले, त्यांना रविवारी पोरंबाळं घेऊन जायला ठिकाण नव्हतं. सडकेवरचा मुकादम आमच्या मालकांना म्हणायचा, लेण्यांवर चौकीदार लागंल, तूच ठीक हायस. तेवढ्या शब्दावर माझा नवरा हवेत चालायला लागला.

सडक पुरी झाली न झाली तोच पहिली जीप आली. पाण्याच्या खात्यातले कोणी साहेब, त्यांच्या मंडळी, दोन पोरं, सोबत आणखी एक जोडपं. ट्रान्झिस्टर मोठ्यानं लावलेला, हातात संत्री, पायात बूट. मालक पुढं पुढं, या या करत. मी आन् सासू उंबराखालीच होतो, वर जायच्या तयारीत. मालकांनी आईला डोळ्यांनी खुणावलं, काय बोलू नको म्हणून. ती कसली ऐकते. उठली आन् साहेबाला सोडून थेट बाईपुढं जाऊन उभी ऱ्हायली.

"बाई, बाळंतिनीला भेटायला आसंच जाता का तुमी?"

मालकांनी कपाळाला हात लावला. बाई गोंधळली. सासूनं मंग डोंगराकडं हात करून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मला वाटलं आता हसतील, येडी म्हातारी म्हणतील आन् चालू लागतील. साहेब हसलाच. पण बाईनं आधी पोराच्या हातातला ट्रान्झिस्टर बंद केला. उमादेवी तिचं नाव, उदगीरकडची, कानडी हेल होता बोलण्यात. बाळंतिणीला भेटायला कसं जायचं हे बाईमाणसाला शिकवावं लागत न्हाई. चपला काढल्या, सगळ्यांचे बूट काढायला लावले, पाय धुतले, पोरांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. आन् दोघं दोघंच वर गेली, सासूच्या मागं. जास्त वेळ थांबली न्हाईत. तिच्याजवळ थर्मासात पाणी होतं, ते तिनं डोणीत ओतलं. संत्र्याच्या साली पदरात बांधून खाली आणल्या.

जाताना तिनं सासूचे हात हातात घेतले. म्हणाली, "अव्वा, पुढच्या बारी बाळंतविडा घेऊन येते." सासूला लई बरं वाटलं, म्हणाली, "पानीच आना बाई. तिला तेवढंच लागतंय."

साहेबानं मालकांच्या पाठीवर थाप मारली, असंच जपा म्हणाला. त्या दिवशी आमच्या घरात सणासारखं वाटत होतं. मालक आईला म्हणाले, तुझ्या बाळंतिणीनं मला नोकरी लावली बघ. आन् मला वाटलं, ऱ्हावं हितंच, वाईट न्हाई हे गाव.

पण चांगल्या माणसाच्या तोंडूनबी गोष्ट बाहेर पडली की ती त्याची ऱ्हात न्हाई. उमादेवीनं लातूरला तिच्या भजनाच्या बायांत कौतुकानं सांगितलं. त्यातली एक मूलबाळ नसलेली बाई येऊन गेली. हळूच आली, पाय धुऊन वर गेली, रडली, गेली. महिन्याभरात तिला दिवस गेले. झालं. ती डोंगरामुळं गरवार ऱ्हायली का कशामुळं देवाला ठाऊक, पण आमचा डोंगर पावतो असं सगळीकडं झालं.

वैशाखात लोंढे लागले. आधी जीपा, मंग टेंपो, मंग ट्रकच्या ट्रक. उदगीर, औसा, हदगाव, कुठनं कुठनं. आन् सगळं अगदी रीतीनं बरं का. कुणी चप्पल घालून चढलं न्हाई. कुणी मोठ्यानं बोललं न्हाई. उघड्या पायांनी, पदर घेऊन, हात जोडून, शेकड्यानं बाया वर चढायच्या. खण आणायच्या, हिरव्या बांगड्या आणायच्या, डिंकाचे लाडू आणायच्या. झाडांना इवलेसे पाळणे बांधायच्या. लेण्यात उदबत्त्यांचा एवढा धूर, की भिंती काळ्या पडल्या. आन् उतरताना बाटलीत डोणीतलं पाणी भरून न्यायच्या. तीर्थ म्हणून. सासू उन्हातान्हात एक घागर वर ओतायची आन् ती पाठ फिरवायच्या आत डोणीचा तळ दिसायचा.

ती सांगून सांगून थकली. पाणी आणा म्हणाली, तर लोकांनी पाणी आणलं, डोणीत ओतलं आन् तेच तीर्थ करून परत नेलं. येऊ नका म्हणाली, तर माय परीक्षा बघती म्हणून आणखी आले. तिच्याच पाया पडायला रांग लागली. पोटावर हात ठेव माय म्हणून बाया तिचे हात ओढायच्या. माझ्या सासूला कुणी हात जोडलेले मला आवडायचे, खोटं कशाला बोलू, पण तिचं तोंड बघवत नव्हतं.

वाडीचं मात्र बरं चाललं होतं. विरूपाक्षानं उंबराखालीच नारळाचं दुकान मांडलं. रेशनकार्डाची चेष्टा करणारा हाच माणूस आता मायचा महिमा सांगत बसायचा. बाया फुलं विकायच्या, पोरं गाड्या पुसायची. खडी फोडण्यापेक्षा ते कधीबी बरं, त्यांना तरी काय म्हणावं? मालकांना मुकादमानं दंडावर बांधायला लाल पट्टी दिली. पट्टी बांधून ते गर्दी आवरायचे, आन् नोकरीचा कागद आता येईल मग येईल म्हणायचे.

टिटवीची अंडी पहिल्याच आठवड्यात गेली. उघड्या पायाखाली फुटली, बूट असते तरी तेच झालं असतं. टिटवी चारपाच दिवस त्या जागेवर घिरट्या घालून ओरडत होती. तरस दिसंना. सासू म्हणायची आत लेण्यात दडून हाय, माणसं हायत तवर पाण्याला बाहेर येत न्हाई, आन् माणसं जातात तवा पाणी ऱ्हात न्हाई. पिल्लांना दूध कुठलं?

ती अमावस्या होती. सकाळपासनंच गाड्या. सासू दुपारची एकटीच वर गेली, गर्दीतून वाट काढत, घागर घेऊन. मी मालकांना भाकरी द्यायला उंबरापाशी आले होते. गर्दीतच उभी होते. बऱ्याच वेळानं सासू उतरताना दिसली. घागर रिकामी, तिच्या कमरेला. आन् दुसऱ्या हातानं छातीशी काहीतरी धरलेलं, पदरात गुंडाळलेलं. तान्हं मूल धरावं तसं, मान सावरून.

बायांना वाटलं काय प्रसादच आणला. वाकून बघायला लागल्या. सासू उंबराखाली आली, घागर खाली ठेवली, पदरातलं उघडलं न्हाई. तिचा आवाज कधी चढायचा न्हाई, त्या दिवशीबी चढला न्हाई.

"बाळ गेलं," ती म्हणाली.

गर्दीत कुजबूज झाली. कुणाचं, कसं, काय म्हणती म्हातारी. पुढची बाई विचारायला लागली. सासूनं मान हलवली.

"डोंगराचं बाळ गेलं. बाळंतपन नासलं. माज्या हातावर नासलं. मी सुईन हाय हिची, मी सांगते. जा आता घरला."

विरूपाक्ष दुकानातून उठून धावत आला, माय, काय बोलायलीस, तोंड आवर म्हणाला. तिनं त्याच्याकडं बघितलंबी न्हाई. मी समोरच्या बायांकडं बघत होते. एकीनं हळूच पोटावरून पदर ओढून घेतला. मंग दुसरीनं. ज्या घरात मूल दगावलं त्या घरात गरवार बाई थांबत न्हाई, आन् जिला दिवस जावेत अशी इच्छा हाय तीबी थांबत न्हाई. हातातल्या बाटल्या बायांनी तिथंच खडकावर ओतल्या. कुणी भांडलं न्हाई, कुणी रडलं न्हाई. ट्रकमध्ये चढल्या आन् गेल्या. सासूच्या पाया पडायला त्या दिवशी कुणी थांबलं न्हाई.

मालक पुढं झाले. आईच्या पदराला हात घातला, उघडून बघितलं. तरसाचं पिल्लू. काळ्या तोंडाचं, हाडं वर आलेली, वाळून गेलेलं.

"माय, आगं हे जनावराचं हाय," ते म्हणाले. "सांग लोकायला जनावराचं हाय म्हनून. तू काय केलंस हे? तुज्या हातावर गेलं म्हनून सांगितलंस? तुला आता कोन बोलावंल?"

"बाळच हाय ते व्यंकटी," सासू म्हणाली. "आनखी एक ऱ्हायलंय आत. ते तरी जगू दे."

डोंगराच्या कडंला, जिथं वाडीची तान्ही पुरतात, तिथंच तिनं ते पुरलं. कुदळ मालकांनीच मारली. मारताना शिव्या घालत होते, मुकादमाला, डोंगराला, आईला. मंग लाल पट्टी सोडून खिशात ठेवली.

दुसऱ्या रविवारी एकबी गाडी आली न्हाई. त्याच्या पुढच्या रविवारी बी न्हाई. अपशकुनी डोंगर म्हणून गवगवा झाला. विरूपाक्षानं दुकान उचललं आन् आमच्या दारावरून जाताना थुंकला. मुकादम म्हणाला, आता तिथं चौकीदार कशाला पायजे. वाडीतल्या बाया माझ्याशी टँकरपाशी बोलंनात, हाताला आलेली भाकर सासूनं घालवली म्हणून. त्यांचंबी काय चुकलं?

पण खरं मरण पुढं होतं. तिसऱ्या गल्लीतली कमलम्मा दिवस भरून बसलेली. तिची आधीची दोन्ही लेकरं सासूनंच बाळंत केलेली. सकाळी तिच्या घरातून कळांचा आवाज आला तशी सासू उठली, फडताळातली तेलाची बाटली घेतली, दारात बसली. बोलावणं यायची वाट बघत. कमलम्माचा नवरा आमच्या दारावरून गेला, मान खाली घालून, पलीकडच्या गावाकडं. थोड्या वेळानं तिथली सुईण बैलगाडीतून घेऊन आला. सासू बघत होती. ती हातांकडं बघत बसली, उलटेपालटे करून. तिनं बाटली परत फडताळात ठेवली आन् टँकरला गेली. मला तवा इतकं वाईट वाटलं की मी चुलीपाशी गुडघ्यांत तोंड घालून रडले.

त्या दिवसांत येऊन गेली ती एकटी उमादेवी. एस्टीनं आली, हमरस्त्यापासून चालत, हातात पाण्याचा कॅन. उंबरापाशी पाय धुतले, वर गेली, कॅन डोणीत ओतून खाली आली. सासूपाशी बसून म्हणाली, माझ्याच तोंडामुळं झालं सगळं. सासूनं तिचा हात थोपटला.

"न्हाई बाई. तुमी रीतीनंच आला. पन रीतीनं आले म्हनून काय झालं, सगळं गावच एकदम भेटायला आलं तर बाळंतिनीनं पाठ कवा टेकायची?"

जेठ संपत आला. मिरग कोरडा गेला. मला नववा सरत आलेला, आन् अर्धापूरहून माझा भाऊ साहेबराव न्यायला आला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. भावानं पिशवीभर केळी आणली होती. आईनं अंघोळीची मोरी सारवून ठेवलीय म्हणाला, विहिरीला अजून पाणी हाय. पाणी. अंगभर पाणी. सगळा उन्हाळा मी डोळे मिटून तेवढंच बघत होते. डोक्यावरून तांब्यावर तांबे ओतून घेतेय, आन् कुणी बस कर म्हणत न्हाई.

मंग भाऊ मालकांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला, पण घर केवढंसं, ऐकू आलंच. तिकडंबी बातमी पोचली होती. आईनं सांगितलंय, म्हणाला, पारूच्या सासूनं निघताना तिच्या पोटाला हात लावू नये. त्या हाताखाली मूल गेलंय.

सासू चुलीपाशी बसली होती. माझं लुगड्यांचं गाठोडं तीच बांधत होती. तिनं गाठ मारली आन् गाठोडं माझ्याकडं ढकललं, हात लांब ठेवून, मला चुकूनबी लागू नये असा. तिचा तो हात बघितला आन् माझ्या अंगाची लाही झाली.

"दादा, तू केळी ठिवून जा," मी म्हटलं. "आईला सांग, मी येत न्हाई. माजं बाळंतपन आत्याबाई करतील."

भाऊ चिडला, विनवण्या केल्या, पहिलटकरीण हायस, येडी झालीस का म्हणाला. सासू म्हणाली, जा पारू, हट करू नको, तिकडं पाणी हाय. मी गाठोडं सोडलं आन् लुगडी परत दांडीवर टाकली. भाऊ न जेवता गेला. मी त्या दिवशी केळी खाल्ली आन् रडले. खोटं न्हाई सांगत, माणसासाठी कमी, पाण्यासाठीच जास्ती रडले.

चार दिवसांनी पहाटेपासून कळा सुरू झाल्या, दुपारपर्यंत चालल्या. आरडून आरडून माझा घसा फुटला. सासूनं बाटली काढली तवा तिचे हात कापत होते. मी तिचे हात धरले आन् माझ्या पोटावर ठेवले. मंग ते कापायचे थांबले. पुढचं मला नीट आठवत न्हाई. तिचा आवाज आठवतो, हळू, सारखा, डोंगरावर बोलायची तसा. ऊन कलताना पोरगी झाली. काळीसावळी, लई केसांची, गळा काढून रडणारी. सासूनं तिला उजेडात धरलं, नखशिखांत बघितलं, आन् मंग भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला रडताना तेवढं एकदाच बघितलं.

पोरीच्या अंघोळीपुरतं पाणी घरात होतं. त्यातली वरची घागर बाजूला काढलेली होती. मालकांनी ती उचलली. पट्टीबिट्टी काय न्हाई, डोक्याला टॉवेल गुंडाळला, चपला दारातच काढल्या आन् डोंगराकडं चालू लागले.

दोन दिवस आमच्या दारात कुणी आलं न्हाई. पोरीचा आवाज आख्ख्या वाडीत जात होता, तरी न्हाई. तिसऱ्या दिवशी टँकर येऊन गेल्यावर दारात सावली पडली. कमलम्मा. स्वतः ओली बाळंतीण, डोक्याला कापड बांधलेलं, घरच्यांना न सांगता आली असणार. डोक्यावर घागर, कमरेला कळशी. आत यावं का न्हाई असं करत उभी ऱ्हायली. मंग सासूकडं न बघताच बोलली.

"कळशी पारूला. घागर वरची."

सासू पोरीला पायांवर घेऊन तेल लावत होती. तिनं मान वर केली, कमलम्माच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघितलं.

"पाय धू आदी," ती म्हणाली. "घरात बाळंतीन हाय."